शेकड्याला किती?

महिन्यातल्या एका शुक्रवारी संध्याकाळी लुडविग्सहाफेनमधल्या एका तंबाखूच्या दुकानाच्या मागच्या खोलीत पंधरा-वीस माणसं जमतात आणि दोन-अडीच तास सिगार ओढत बसतात. मी त्यांच्यातली नाही. पण गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर दोनदा तिथे जाऊन आले आणि तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात बसला आहे. तो तुमच्यापुढे ठेवते. तुम्ही सिगार ओढता की नाही याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही.

मला तिथे नेलं आमच्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञांनी. निवृत्तीला दीड वर्ष उरलेला, कमी बोलणारा माणूस. मी पोस्टडॉक म्हणून इथे आले तेव्हा रुसलेली यंत्रं कशी मनवायची ते मला त्यांनी शिकवलं. एके दिवशी म्हणाले, "तू केमिस्ट आहेस. नुसत्या नाकाने पृथक्करण करणारी माणसं बघायची असतील तर चल." त्या दिवशी खास पाहुणी होती. दुकानदाराने डॉमिनिकन रिपब्लिकमधली एक सिगार वळणारी बाई बोलावली होती. जर्मनीत अशा संध्याकाळी बऱ्याच होतात. वळणारी एका टेबलाशी बसते, समोर पानं पसरते आणि मंडळी बघत राहतात.

ती पन्नाशीची असावी. लाकडी पाट, चावेता नावाची बिनमुठीची रुंद पाती, डिंकाची वाटी आणि ओलसर फडक्याखाली झाकलेली पानं. आतल्या भरण्याची तीन-चार पानं तिने तळहातावर दुमडून धरली, त्यांना बांधणीचं पान गुंडाळलं आणि मग सर्वांत वरचं, रेशमासारखं पान तिरकं कापून हलक्या ताणाने चढवत नेलं. शेवटी टोकाला त्याच पानाची गोल टोपी. खोलीत आवाज नव्हता. सगळ्यांचे फोन तिच्या हातांवर रोखलेले. कोणीतरी हळूच म्हणालं, "ही कला आहे." टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

मग माझ्या शेजारच्या गृहस्थांनी मला अगदी आपुलकीने विचारलं, "तुमच्या भारतातही सिगार होतात ना?"

मी झकास उत्तर दिलं. दिंडीगुल आणि त्रिचीच्या चिरुटांबद्दल सांगितलं. शेरलॉक होम्सच्या पहिल्याच कादंबरीत खुनी त्रिचनापल्लीचा सिगार ओढतो आणि होम्स राखेवरून तो ओळखतो, हेही सांगितलं. मंडळी खूश झाली. मला एक सिगार मिळाला, मी तो निम्मा ओढला आणि मग थंड घाम फुटून बाहेर जाऊन उभी राहिले. सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे छातीत न घेताही त्यातलं निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जातं. हे मला पुस्तकातून माहीत होतं. (हे निकोटिन तंबाखूतून पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं ते इथून अर्ध्या तासावरच्या हायडेलबर्गमध्ये, १८२८ साली. पोसेल्ट आणि राइमान अशी ते काढणाऱ्यांची नावं.)

बाहेर थंडीत उभं असताना लक्षात आलं, की एवढं सगळं सांगितलं पण 'निपाणी' हा शब्द माझ्या तोंडातून निघाला नाही. विडी हा शब्दही नाही.

मी निपाणीची. माझी आजी विड्या वळायची, आई विड्या वळायची. आमच्या आळीत दुपारी बाराच्या उन्हात तुम्ही आला असतात तर प्रत्येक उंबऱ्यावर मांडीवर सूप घेतलेली एक बाई दिसली असती. भिजवलेली टेंभुर्णीची पानं, पत्र्याचं माप, कात्री, दोऱ्याचं रीळ. पान कापायचं, चिमटीने जर्दा भरायचा, वळायचं, टोक दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. हात बघायचे नाहीत, ते आपले चालत राहतात. मागे आकाशवाणी सांगली लागलेली. शाळेतून आल्यावर टोकं दुमडणं हे आम्हा पोरींचं काम. हजाराचा हिशेब. मग डोक्यावर पाटी घेऊन माल द्यायला जायचं. तिथे तपासणारा मूठभर विड्या उचलून, दोन बोटांत दाबून बघणार आणि नापसंत विड्या बाजूला काढणार. त्याला छाट म्हणत. छाटेची मजुरी नाही, पण विड्या मात्र त्याच्याचकडे राहायच्या. आजीच्या हाताकडे कोणी फोन रोखला असता तर तिने पदर ओढून घेतला असता.

तंबाखू ही आमच्याकडे नुसती घरोघरची गोष्ट नव्हती. १९८१च्या मार्च-एप्रिलमध्ये तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्ग आमच्या गावाशी अडवून धरला होता. ६ एप्रिलला गोळीबार झाला, माणसं मेली. वखारीत तंबाखू कांडणाऱ्या, चाळणाऱ्या बायकांनी त्याच सुमारास आपली संघटना उभी केली. दीपा धनराज यांच्या युगांतर या गटाने १९८२मध्ये त्यांच्यावर एक माहितीपट केला. तो मी निपाणीत कधी पाहिला नव्हता, जर्मनीत आल्यावर पाहिला. बर्लिनच्या आर्सेनाल या संस्थेने युगांतरच्या फिल्म जपल्या आहेत. पडद्यावर आमच्याच बोलीत ठणकावून बोलणाऱ्या बायका आणि खाली जर्मन अक्षरं. बघताना मला फार अभिमान वाटला होता. मग त्या खोलीत तो कुठे गेला?

गरिबीची लाज, असं सोपं उत्तर मी आधी स्वतःला दिलं. ते पुरतं खरं नाही. मी विडी कामगाराची मुलगी आहे हे माझ्या गटात सगळ्यांना माहीत आहे. शिष्यवृत्त्यांच्या अर्जांत तर मी ते अगदी वरच्या परिच्छेदात लिहीत आले आहे. त्या संध्याकाळी मला आजीची लाज वाटली नाही, विडीची वाटली. सिगारच्या शेजारी विडी ठेवायला ती वस्तूच लायक नाही, असं वाटलं. म्हणजे दोन वस्तूंमधला किमतीचा फरक मी त्या वळणाऱ्या दोन बायकांवर नेऊन लावला होता. एक कलावंत, दुसरी मजूर. दोघीही पान वळतात. चांगली वळणारी दिवसाला शंभराच्या आसपास सिगार करते, आजी हजार विड्या करायची. सफाईत कोण कमी होतं ते मी ठरवू शकत नाही.

त्या रविवारी आईला फोन केला तेव्हा हे सगळं रंगवून सांगितलं. पानं कशी रेशमासारखी, टोपी कशी बसवते, लोक कसे टाळ्या वाजवतात. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिला शेकड्याला किती देत्यात गं?"

मला माहीत नव्हतं. वीस माणसांनी तिला दोन तासांत तऱ्हेतऱ्हेचे प्रश्न विचारले होते. पान कुठलं, किती वर्षं मुरवलंय, कोणत्या वयात शिकलीस, डाव्या हाताने वळणारे असतात का. हा एक प्रश्न कोणी विचारला नव्हता. मीही नाही.

आता तुम्ही म्हणाल, हा प्रश्न तिथे विचारणं असभ्य झालं असतं. मलाही आधी तसंच वाटलं आणि अजूनही तो मुद्दा मी सहज उडवून लावू शकत नाही. मैफलीनंतर गायिकेला आपण 'बिदागी किती मिळाली' असं विचारत नाही. तिला कलावंत मानलं याचाच अर्थ तिच्या कामाकडे पैशाच्या बाहेर जाऊन पाहिलं. मग त्या वीस जणांनी न विचारून तिचा मानच राखला, आणि आईच्या प्रश्नाने तिला पुन्हा हजारी-शेकड्याच्या पाटीवर आणून बसवलं, असंही म्हणता येईल. आईला माणसाची मजुरीच दिसते, कला दिसत नाही, असं कोणी म्हटलं तर काय उत्तर द्याल?

मी बरेच दिवस हे घोळवलं. माझं उत्तर असं : गायिकेचं नाव पत्रिकेवर छापलेलं असतं. सिगारच्या पट्टीवर कोणाचं असतं? एच. उपमान हे हवानातलं जुनं नाव ब्रेमेनहून तिथे गेलेल्या एका जर्मन व्यापाऱ्याचं. माँटेक्रिस्टो हे नाव कादंबरीचं. क्यूबन खोक्याच्या तळाला कारखान्याचा सांकेतिक शिक्का आणि महिना-वर्ष असतं, वळणाऱ्याचं नाव नसतं. त्या संध्याकाळी दुकानदाराने तिची ओळख करून देताना तिचं नाव सांगितलं होतं. मी विसरले. तंत्रज्ञांना विचारलं, तेही विसरले होते. कलावंत म्हणायचं आणि नाव लक्षात ठेवायचं नाही, मजूर म्हणायचं नाही म्हणून मजुरी विचारायची नाही. दोन्हीकडून मिळू शकणारा मान असा मधल्यामध्ये गळून जातो. उरतं ते हातांचं कौतुक. आणि हात काही बोलत नाहीत.

क्यूबातल्या सिगार कारखान्यांत मात्र वळणारे नुसते हात नव्हते. १८६५पासून तिथे 'लेक्टोर' बसवण्याची रीत आहे. एक जण उंच जागी बसून सकाळी वर्तमानपत्र आणि मग कादंबरी मोठ्याने वाचतो आणि शेकडो माणसं पानं वळत ऐकतात. सुरुवातीच्या काळात त्याचा पगार कामगारच आपल्या मजुरीतून वर्गणी काढून देत. अमेरिकन कामगार चळवळीचे पुढारी सॅम्युएल गॉम्पर्स हे मूळचे सिगार वळणारे. जर्मनीतली देशभर पसरलेली पहिली कामगार संघटना १८६५मध्ये लाइपझिगला स्थापन झाली, तीही सिगार कामगारांची. हात चालू आणि डोकं मोकळं, अशा कामात माणसं विचार करतात. आमच्या आळीतही करायच्या, फक्त तो विचार सासू-सून आणि तपासनीस यांच्याभोवती जास्त फिरायचा.

त्या मागच्या खोलीत बातम्यांवरही खूप बोलणं होतं. ही मंडळी आपल्याकडच्या क्रिकेटवेड्यांइतकीच जाणकार आहेत. २०२०मध्ये एका मोठ्या ब्रिटिश तंबाखू कंपनीने आपला उंची सिगारचा व्यवसाय सव्वा अब्ज युरोच्या आसपास विकला आणि त्याबरोबर हाबानोस या क्यूबन कंपनीतला निम्मा वाटा आशियाई गुंतवणूकदारांकडे गेला. २०२२मध्ये कोहिबा आणि त्रिनिदादच्या किमती जगभर हाँगकाँगच्या पातळीला नेल्या, त्यावर अजून हळहळ चालू आहे. (जर्मनीत सिगारची किरकोळ किंमत कायद्याने बांधलेली असते, दुकानदार मनाप्रमाणे सूट देऊ शकत नाही. त्यामुळे हळहळ सगळीकडे सारखी.) त्याच वर्षी सप्टेंबरात इयान चक्रीवादळाने पिनार देल रियोमधली पानं वाळवायची हजारो लाकडी कोठारं पाडली, त्यावर खरीखुरी काळजी ऐकली. 'आता २०२३चं पान कसं असेल?' ही काळजी पानाची होती हे खरं, पण पानावरून माणसापर्यंत जायला तेवढीच एक पायरी उरली होती.

आणि हवानाच्या वार्षिक महोत्सवातला लिलाव. शेवटच्या रात्री सिगारने भरलेल्या मोजक्या शोभिवंत पेट्या विकल्या जातात. २०२३मध्ये त्या रात्रीची रक्कम एक कोटी युरोच्या पुढे गेली. हा पैसा क्यूबाच्या सार्वजनिक आरोग्यसेवेला जातो. हे ऐकून माझ्यातली केमिस्ट हसली : धुराच्या पैशातून दवाखाना. पण हसू टिकलं नाही, कारण मी स्वतः त्याच पैशावर वाढले आहे.

विडी कामगारांसाठी १९७६मध्ये कल्याण निधीचा कायदा झाला. विड्यांवर उपकर बसायचा आणि त्यातून कामगारांसाठी दवाखाने, घरांना मदत आणि मुलांना शिष्यवृत्ती. २०१७मध्ये जीएसटी आला तेव्हा तो उपकर गेला. तोवर माझं शिक्षण झालं होतं. आईच्या विडी कामगार ओळखपत्रावर मला शाळेपासून शिष्यवृत्ती मिळाली. रक्कम मोठी नव्हती, पण आमच्या घरात 'पोरीला पुढं शिकवायचं का' या वादात ती आईच्या बाजूने बोलायची. त्या रुपयांच्या पलीकडच्या टोकाला कोण होतं? कुठला तरी हमाल, कुठला तरी रिक्षावाला, ज्याला सिगारेट परवडत नव्हती. त्याच्या छातीचं काय झालं असेल ते मला चांगलं माहीत आहे. आजीने आयुष्यात एक विडी ओढली नाही, पण जर्द्याच्या धुळीने तिचा दमा शेवटी बोलूही देत नव्हता. तेव्हा त्या खोलीतल्या लोकांकडे बोट दाखवायला मी काही स्वच्छ जागी उभी नाही. ते निदान आपल्या धुराची किंमत स्वतः देतात.

मग मी तंबाखूला शिव्या द्यायच्या की तिचे उपकार मानायचे? मला वाटतं, कृतज्ञता तंबाखूला देणं ही चूक आहे. ती आजीला आणि आईला द्यायची, भाव मागत रस्त्यावर बसलेल्यांना द्यायची, वखारीतल्या बायकांना द्यायची. पानाने मला शिकवलं नाही, पानावर चाललेल्या हातांनी शिकवलं. आता ते पान जगातून नाहीसं झालं तर मला दुःख होणार नाही. पण नाहीसं होताना त्या हातांना काय मिळणार, हा प्रश्न राहतोच, आणि तोही 'किती' असाच विचारावा लागतो.

मी राहते त्या गावाला हा प्रश्न जुना आहे. १८९७मध्ये बीएएसएफने इथून कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि काही वर्षांत भारतातली निळीची शेती बसली. निळीच्या शेतावरचा जुलूम गेला, तसं निळीवरचं पोटही गेलं. आज नैसर्गिक निळीने रंगवलेला हातमागाचा रुमाल इथल्या दुकानात जरा चढ्या भावाने मिळतो, 'हस्तकला' म्हणून. हाताचं काम जोवर गरजेचं असतं तोवर ती मजुरी, आणि गरज संपली की कला. विडीची गरज संपेल त्या दिवशी कोणीतरी आमच्या आळीतली शेवटची बाई एखाद्या प्रदर्शनात आणून बसवेल. तिच्या टेबलापुढे फोन रोखले जातील.

तत्त्वज्ञ एर्न्स्ट ब्लॉख याच लुडविग्सहाफेनमध्ये १८८५ साली जन्मले. गावात त्यांच्या नावाचं केंद्र आहे आणि त्यांच्या बऱ्याच छायाचित्रांत हातात पाइप आहे. मानवी प्रतिष्ठेविषयी लिहिताना ते पुन्हा पुन्हा एका साध्या शारीरिक प्रतिमेकडे येतात : पाठ ताठ ठेवून चालणं. १९६१च्या त्यांच्या पुस्तकात प्रतिष्ठा आणि पोट भरण्याचा हक्क यांना ते वेगळं होऊ देत नाहीत. एकावाचून दुसरं खोटं पडतं. हे वाचताना मला आजीची पाठ आठवते. चाळीस वर्षं सुपावर वाकलेली. ती शेवटी उभी राहिली तरी सुपावर बसल्यासारखीच दिसायची. त्या पाठीला 'कला' म्हणून काय मिळालं असतं, आणि 'हजाराला किती' म्हणून काय मिळालं असतं, याचा हिशेब करायचा झाला तर मी आईच्या बाजूची आहे. आधी किती ते विचारा. मग टाळ्या वाजवा, जरूर वाजवा.

दुसऱ्या खेपेला मी ठरवून गेले. वळणारी बाई अर्थातच नव्हती, ती केव्हाच पुढच्या गावाला गेली होती. पण सिगार पेटवायच्या आधीच मी माझ्या त्या शेजारच्या गृहस्थांना सांगितलं, की गेल्या वेळी मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. आणि निपाणी सांगितली. सूप, पत्रा, दोरा, छाट, सगळं. माझं जर्मन अशा वेळी लंगडतं. कात्रीने कापायची कृती मी शेवटी रुमालाच्या कागदावर करून दाखवली. ते लक्ष देऊन ऐकत होते. त्यांनी विचारलं, विडीला चव कशी असते? मी म्हटलं, मला माहीत नाही, आमच्या घरात कोणी ओढायचं नाही. ते जरा गडबडले. बाकी काही घडलं नाही.

घडलं ते परतताना, ट्राममध्ये. तंत्रज्ञ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्याकडे पण तंबाखू होती." ते फाल्त्सच्या दक्षिणेकडचे, हात्सेनब्यूलच्या बाजूचे. तिथल्या एका पाद्रीने १५७३मध्येच तंबाखू लावली असं सांगतात, जर्मनीतलं सर्वांत जुनं तंबाखूचं गाव म्हणून ते मिरवतं. त्या भागात अजून उंच लाकडी कोठारं दिसतात, फटी ठेवलेल्या फळ्यांची, वारा खेळावा म्हणून. मी गाडीतून पाहिली होती, गवताची असतील असं समजून. शाळेतून आल्यावर रात्री उशिरापर्यंत ते आणि त्यांची भावंडं आईबरोबर बसून पानं दोऱ्यात ओवायची. हात चिकट काळे व्हायचे, साबणाने जायचे नाहीत, वर्गात डॉक्टरांची मुलं त्यांच्या शेजारी बसायची नाहीत. "मी पहिला पगार झाला तेव्हा सिगार विकत घेतला," ते म्हणाले, "मला बघायचं होतं की आम्ही कशासाठी जागत होतो." चाळीस वर्षांत हे त्या खोलीत त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. मी का म्हणून विचारलं नाही. मला ते माहीत होतं.

सोमवारी त्यांनी प्रयोगशाळेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू आणली. चपटी, लांब, टोकदार लोखंडी सुई, मागे नेढं. त्यांच्या आईची, पानं ओवायची. माझ्या हातात दिली आणि यंत्राकडे वळले. मी फोटो काढून आईला पाठवला. खाली काही लिहिलं नाही.

दहा मिनिटांनी तिचा आवाजी निरोप आला. "दाभण हाय की ही. पोती शिवायची. कुणाची?" आणि मग, मागे कुकरची शिट्टी होत असताना, "त्यांच्या आईला माळंला किती मिळायचं, विचारलंस का?"

तंत्रज्ञ या आठवड्यात रजेवर आहेत. सोमवारी येतील.